लाकडी तलवार

आपण अक्षरे शिकलो ती पाटीवर. चुकले की पुसायचे, पुन्हा लिहायचे. पण तलवार शिकताना चुकले तर? एखाद्याचा जीवच जायचा! म्हणून आपल्या आखाड्यात आधी फरीगदगा हाती देतात. फरी म्हणजे लहान ढाल. गदगा म्हणजे कातडे मढवलेली काठी.

इटली देशात रोम शहर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची फौज फार मोठी होती. तिथेही अशीच रीत होती. वेजेटियस नावाच्या लेखकाने ती सुमारे १६०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली.

नव्या शिपायाला लाकडी तलवार आणि विणलेली ढाल देत. दोन्ही खऱ्यापेक्षा दुप्पट जड. असे का बरे? जड तलवारीची सवय झाली की लढाईत खरी तलवार हलकी वाटते.

प्रत्येकाला एक खांब नेमून देत. उंची सुमारे ६ फूट. हाच शत्रू समजायचा. सकाळी आणि दुपारी त्याच्यावर वार करायचे. कधी तोंडावर, कधी कुशीत, कधी पायावर. पण आपले अंग उघडे पडू द्यायचे नाही. वार घालण्यापेक्षा भोसकायला शिकवत. कारण हात उगारला की उजवी बाजू उघडी पडते. आणि टोक २ इंच आत गेले तरी माणूस मरतो.

शिकवणाऱ्याला दुप्पट शिधा मिळे. जो नीट शिकत नसे, त्याला गव्हाऐवजी जव देत. परीक्षेत उतरला की पुन्हा गहू.

खांब उलटून मारत नाही. तिथली चूक सुधारता येते. लढाईतली चूक कोण पुसणार?