पत्रा उघडा पडेपर्यंत

आमच्या पद्मिनी गाडीच्या डाव्या दारावर मेस्त्रींनी रिमूव्हरचा जाड हात दिला आणि वर पॉलिथिन अंथरलं. दहाएक मिनिटांत खालचा रंग फुगला, तापल्या दुधावर साय यावी तशा त्याला सुरकुत्या पडल्या. मग त्यांनी स्क्रॅपर तिरका धरून हलकेच पुढे सरकवला. मरून रंगाचा पापुद्रा गुंडाळत वर आला. दुसऱ्या हाताला पांढरा सुटला, त्याखाली राखाडी प्रायमर, कुठे कुठे लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, बोटभर रुंद पट्टा आणि अगदी तळाशी फिकट निळा. तो कारखान्यातला रंग. वडिलांनी सोलापुरात गाडी घेतली तेव्हा ती निळी होती, असं आई सांगायची. माझ्या आठवणीत ती पांढरीच. घरच्या गाडीचा मूळ रंग मी पहिल्यांदा पाहिला तो बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत, आउटर रिंग रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका शेडमध्ये.

इथून जुन्या विमानतळाच्या रस्त्याने शहराकडे निघालं की हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, भिंती लागतात. तो कारखाना २३ डिसेंबर १९४० रोजी स्थापन केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० व पद्मिनी बाहेर पडल्या. मारतहळ्ळी हे नाव मराठ्यांवरून पडलं की एचएएलच्या ‘मरुत’ विमानावरून, यावर इथे लोक हिरिरीने बोलतात. मला या भागाचा जिव्हाळा वाटतो तो वालचंदांमुळे.

गाडी इथवर आणण्यामागे एक जुनं दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी गावाकडच्या एका गॅरेजात तिला मरून रंग दिला. दिवाळीत गाडी आरशासारखी चमकत होती. पुढच्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला फोड आले, आणि एक फोड नखाने उचकटला तर आत ओलसर तांबूस भुगा. जुना रंग अर्धवट उतरवताना कडेच्या दुमडीत रिमूव्हर राहिला होता. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेला असतो. त्या घडीत शिरलेलं रसायन कापडाने निघत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते वर येतं आणि नवा रंग आतून सोडवतं. म्हणूनच या मेस्त्रींनी सगळ्या कडांना इंचभर मास्किंग टेप आधी लावली. तेवढी पट्टी ते शेवटी हाताने, कागदाने घासणार होते. त्या टेपकडे पाहूनच माझा जीव भांड्यात पडला.

रंग उतरवायला घेण्याआधी त्यांनी दोन गोष्टी केल्या. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं छतावर घासलं. फडक्याला रंग लागला, तर तो जुन्या जातीचा नायट्रोसेल्युलोज लॅकर. नाही लागला, तर भट्टीत भाजलेला इनॅमल किंवा हार्डनर घालून केलेला टू-के. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ या नावाने मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. ड्यूकोने ते काम तासांवर आणलं. कपाटाला स्प्रेने रंग मारून घेताना आपण आजही ‘ड्यूको करून द्या’ म्हणतो, ते तिथून आलं. लॅकर जन्मभर थिनरमध्ये विरघळू शकतो. टू-के एकदा जमला की विरघळत नाही, त्याला फुगवावंच लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. मेस्त्री ते दारावरून फिरवत गेले आणि जिथे ते सुटून खाली आलं तिथे खडूने गोल काढला. तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर होता, म्हणजे जुना पोचा. गोल मोजले तर अकरा भरले.

रंग काढण्याची सगळ्यात साधी रीत हाताने घासण्याची. ८० नंबरच्या कागदाने सुरुवात, मग १२०, १८०, पुढे ३२०. वेळ फार लागतो, पण पत्र्याला धोका कमी. घाई असली की कारागीर ग्राइंडरला तारेचा ब्रश किंवा खरखरीत डिस्क लावतो, आणि पत्रे बिघडतात ते बहुतेक इथेच. आजच्या गाड्यांचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरचा असतो. बॉनेटसारख्या सपाट, पसरट भागावर डिस्क एका जागी रेंगाळली की पत्रा तापतो, फुलतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत बसत नाही. मग बोटाने दाबलं की तो तेलाच्या डब्यासारखा टकटक वाजतो. असा पत्रा पुन्हा ताणून बसवणं भल्याभल्या डेंटरला जमत नाही. डीए सँडर हे यंत्र यापेक्षा सोशिक. त्याची चकती स्वतःभोवती फिरता फिरता आसाभोवतीही घुमते, त्यामुळे एकाच रेषेत ओरखडा खोल जात नाही.

रिमूव्हरचं काम वेगळं. त्यातलं जुनं जाणतं रसायन म्हणजे डायक्लोरोमीथेन. त्याचे रेणू लहान, ते रंगाच्या थरात घुसतात, थर फुगतो आणि खालच्या पत्र्यावरची पकड सोडतो. हे रसायन सुमारे ४० अंशांनाच उकळतं, त्यामुळे लावल्या लावल्या उडून जातं; ते थोपवायला रिमूव्हरमध्ये मेण घालतात आणि वर पॉलिथिन पसरतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत साचते, नेमकी जिथे माणूस उकिडवा बसून दाराची खालची कड खरवडत असतो तिथे. श्वासातून आत गेल्यावर शरीर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड बनवतं. बंद खोलीत काम करताना माणसं यामुळे दगावली आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेने या रसायनाचे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकायला बंदी घातली. बेंझिल अल्कोहोलचे पर्याय आहेत. ते सावकाश चालतात, तासन्‌तास थांबावं लागतं, आणि गॅरेजमध्ये थांबायला कोणी तयार नसतं.

कॉस्टिक सोड्याच्या हौदात अख्खी बॉडी बुडवण्याचीही एक पद्धत आहे. लोखंडाला ती चालते, ॲल्युमिनियमला मुळीच नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सुटतो. शिवाय पोकळ भागांत सोडा अडकला की माझ्या दाराचीच कथा पुन्हा.

वाळूचा मारा चासीला ठीक, बॉनेटला घातक. वाळूचा प्रत्येक कण म्हणजे एक बारीक हातोडी. लाखो हातोड्यांनी पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि तो फुगीर होतो. त्याहून वाईट गत मारणाऱ्याची, कारण फुटलेल्या वाळूची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ कातडीच्या विमानांसाठी १९८० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने रासायनिक रिमूव्हरऐवजी प्लास्टिकच्या दाण्यांचा मारा वापरायला सुरुवात केली. कमी दाबाने मारलेले हे दाणे रंग काढतात आणि धातू राखतात. विमानाचा रंग उतरवण्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. रंगाखाली चीर गेली आहे का ते तपासायचं असतं, आणि थरांवर थर चढून वाढलेलं वजनही उतरवायचं असतं. खाण्याच्या सोड्याचा मारा तर आणखी मवाळ. १९८६ मध्ये शंभरी साजरी झालेल्या न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या दुरुस्तीत तिच्या तांब्याच्या आतल्या बाजूचा रंग द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पाडला आणि खालचं डांबर सोड्याच्या माऱ्याने काढलं. लेझरने रंग जाळून उडवणारी यंत्रंही आता आली आहेत. आमच्या गल्लीतल्या शेडला ती परवडणारी नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी दार पूर्ण उघडं झालं. करडा, किंचित निळसर पत्रा, त्यावर जुन्या हातोडीच्या खुणा आणि खालच्या कोपऱ्यात सुपारीएवढी तीन भोकं. आकाश भरून आलं होतं. मेस्त्रींनी मला हात लावू दिला नाही, कारण घामातलं मीठ लागलं की रात्रीतून बोटांचे ठसे गंजतात. बेंगळुरूच्या पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांत तांबूस झाक चढते. म्हणून त्यांनी जेवण पुढे ढकललं, भोकांवर नवा पत्रा वेल्ड केला, दार कोऱ्या फडक्याने दोनदा पुसलं आणि संध्याकाळच्या आत एपॉक्सी प्रायमर मारला. लांबी त्यानंतर, आणि तीही कागदाइतकी पातळ. अकरापैकी सात पोचे त्यांनी आतून ठोकूनच काढले होते, त्यामुळे तिथे लांबी लागलीच नाही.

या चार दिवसांचं काम बिलात एका ओळीत आलं: ‘जुना रंग काढणे’. पुढच्या दोन दिवसांच्या स्प्रेला त्याच्या तिप्पट पैसे. गिऱ्हाईक चकाकीचे पैसे देतं, म्हणून गॅरेजही तिथेच जीव ओततं आणि खालचं काम उरकतं. याचा दोष मी एकट्या गॅरेजला देत नाही. गावाकडे गाडी टाकली तेव्हा मीच रोज फोन करून ‘कधी देताय’ एवढंच विचारत होतो.

शेडमध्ये मदतीला एक तरुण मुलगा होता. जुन्या मरून थराची कोरडी धूळ उडत होती आणि त्याच्या तोंडाला फक्त रुमाल. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाचं क्रोमेट सर्रास असे. घरांच्या आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण तो नियम गाड्यांच्या रंगांना लागू नाही. रुमालाने ना धूळ अडते ना वाफ. दुसऱ्या दिवशी मी धूळ गाळणारे डबल कार्ट्रिजचे दोन मास्क नेऊन दिले. मेस्त्रींनी एक लगेच चढवला, दुसरा त्या मुलाच्या तोंडावर स्वतः बांधला.

तुमची गाडी रंगवायला टाकाल तेव्हा एक करा. प्रायमर मारण्याआधी मला बोलवा, पत्रा उघडा बघायचा आहे, असं मेस्त्रींना सांगून ठेवा. त्या दिवशी वेळ काढून जा, कडा बघा, दुमडी बघा. आणि जाताना दोन मास्क घेऊन जा.