खर्चाच्या रकान्यातले बूट

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मोजकंच सांगितलं. अकोल्यातली काही पोरं सव्वीस जानेवारीला फुटबॉलचा सामना ठेवून मदतनिधी गोळा करणार आहेत, दरवर्षी करायचा विचार आहे, तर सामन्याची बातमी नको, अशा सामन्यातून नेमकं कोणाचं भलं होतं ते बघून लिहा.

म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी मोर्णेच्या पुलापलीकडच्या मोकळ्या जागेवर गेलो. काळी माती, पावसाळ्यानंतर वाळून भेगाळलेली. कडेला सराट्याचे वेल. वीसेक पोरं खेळत होती, त्यातली निम्मी अनवाणी. दर पाच-सात मिनिटांनी कोणीतरी खाली बसायचं, तळव्यातला सराटा उपटून फेकायचं आणि पुन्हा धावायचं. त्यासाठी खेळ थांबत नव्हता.

मला मात्र खेळापेक्षा एका वहीने धरून ठेवलं. हिशेब ठेवणारा पोरगा मैदानाबाहेर विटांच्या ढिगावर बसला होता. दोनशे पानी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चात फक्की, जाळी, दोन चेंडू, पाण्याचे जार, मांडव, डॉक्टरांची गाडी. मध्येच एक ओळ लिहून खोडलेली: बूट, अकरा जोड. का खोडली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बूट नाही धरायचे भाऊ. लोकं म्हनतीन, धर्माचे पैसे यायनं पायात घातले."

ती खोडलेली ओळ डोक्यातून जाईना. कारण हाच वाद शंभर वर्षांपूर्वी फुटबॉलच्या मायदेशी झाला होता आणि त्यात एक आख्खा खेळ बुडाला होता.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात डिक, केर कंपनीचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा तयार होऊ लागला. पुरुष आघाडीवर गेलेले, यंत्रांवर मुली. जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात चेंडू मारायच्या. 1917 च्या नाताळच्या दिवशी जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी त्यांनी सामना खेळला, तो बघायला दहा हजार माणसं आली. मग धर्मादाय सामन्यांची रांगच लागली. 16 डिसेंबर 1920 ला तर रात्रीचा सामना झाला. त्यासाठी लष्कराचे शोधदिवे मागून आणले होते, त्यांना परवानगी दिली युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी, आणि अंधारात दिसावेत म्हणून चेंडू पांढरे रंगवले होते. दहाच दिवसांनी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्रेपन्न हजार प्रेक्षक आत बसले आणि हजारो बाहेरून परत गेले. डिक, केर संघ 4-0 ने जिंकला. गल्ला जमला 3,115 पौंड.

त्यांच्यात लिली पार नावाची डावखुरी पोरगी होती, त्या हिवाळ्यात पंधरा वर्षांची. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याची ख्याती पुढे तीन दशकं टिकली. या मुलींना सामन्यामागे दहा शिलिंग मिळत, बुडालेल्या पगाराच्या आणि प्रवासाच्या बदल्यात. त्या दहा शिलिंगांवरच पुढे बोट ठेवलं गेलं. 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभणारा नाही. त्याच ठरावात आणखी एक कलम होतं: जमलेल्या पैशांतला फार मोठा वाटा खर्चातच जातो, दानासाठी पुरेसा उरत नाही. मैदानं बंद झाली. बंदी 1971 पर्यंत टिकली. लिली पुढे मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका झाली आणि जमेल त्या मैदानावर खेळत राहिली.

मला त्या ठरावातलं दुसरं कलम पहिल्याहून जास्त क्रूर वाटतं. पहिल्यात उघड अढी आहे, तिच्याशी भांडता तरी येतं. दुसरं हिशेबाच्या भाषेत बोलतं, आणि सज्जन माणसं त्यापुढे गप्प बसतात. आपल्या वहीवाल्या पोराने ते कलम कधी वाचलं नसेल, तरी त्याच भीतीने त्याने बुटांची ओळ खोडली.

या भीतीला एक उत्तर आपल्या विदर्भातच मिळालेलं आहे. 2001 च्या पावसाळ्यात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे प्राध्यापक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली पोरं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी पोरांना खरा चेंडू दिला. पुढे झोपडपट्टीतल्या संघांची स्पर्धा भरवली तेव्हा 128 संघ उतरले. नावही आडपडदा न ठेवता दिलं: झोपडपट्टी फुटबॉल. क्रीडा विकास संस्थेचं हे काम जगात 'स्लम सॉकर' म्हणून ओळखलं जातं. 2016 साली त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि 2022 च्या मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला तेव्हा बारसे सर घरोघरी पोचले. यात विशेष हे की इथे खेळून दुसऱ्या कोणासाठी पैसे जमवायचे नव्हते. चेंडू, बूट, मैदान, शिकवणारा माणूस, हेच दान होतं. तिथे बुटांची ओळ खोडली असती तर वहीत काहीच उरलं नसतं.

या पोरांना पुढे जी स्पर्धा मिळाली ती म्हणजे बेघरांचा विश्वचषक. 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ती सुरू झाली. मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. बरोबरी ठेवतच नाहीत, पेनल्टीवर निकाल लावतात, आणि तसा हरणाऱ्यालाही एक गुण देतात. हे सगळं मला आवडलं, पण एका नियमाशी बराच वेळ अडलो. या विश्वचषकात माणसाला आयुष्यात एकदाच खेळता येतं. एकदा देशाचा सदरा घातला की पुढच्या वर्षी तो दुसऱ्याचा. 2010 साली रिओ दि जानेरोला भारताचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल, गुन्हेगारीच्या वाटेवरून चेंडूमागे वळलेला. परत आल्यावर तो पोरांना शिकवू लागला. आधी हा नियम मला निष्ठुर वाटला होता. आता वाटतं की स्पर्धा आखणाऱ्यांना तेच हवं होतं: खेळून झालं की मैदान सोडू नकोस, बाजूला उभा राहा आणि पुढच्याला उभं कर.

इथेच खरी अडचण सुरू होते, आणि अकोल्याच्या पोरांना ती अजून दिसलेली नाही. सामना एका दिवसाचा असतो. त्या दिवशी पाहुणे येतात, करंडक मिळतो, फोटो निघतो. करंडकाला देणगीदार चटकन मिळतो, कारण त्यावर नाव कोरता येतं. शिकवणाऱ्याच्या महिन्याच्या मानधनावर नाव कोरता येत नाही. चेंडू दोन महिन्यांत फाटतो. वाढत्या वयाच्या पोराचा बूट वर्षभरही पुरत नाही. मोकळी जागा आज मोकळी आहे, उद्या तिथे प्रदर्शनाचा मांडव पडेल, परवा तारेचं कुंपण. मुलींचं तर विचारूच नका. त्या सकाळी मैदानावर एकही मुलगी नव्हती. कडेला दोघी उभ्या होत्या, चेंडू बाहेर आला की पायाने परत ढकलायच्या. त्यातली एक फार सरळ मारत होती. विचारलं, तर म्हणाली, "घरी कपडे बदलाले जागा नाही, इथं कुठं बदलू?" तिच्यासाठी सामन्याच्या खर्चात एक आडोसा धरावा लागेल. कापड आणि चार बांबू.

शिवाय दरवर्षी सामना करायचा तर दरवर्षी तीच दहा-बारा पोरं राबणार. कोणी नोकरीला पुण्याला जाईल, कोणाचं लग्न होईल. वही कोणाच्या हाती जाईल हे आज ठरलं नाही, तर तिसऱ्या वर्षी सामनाच होणार नाही.

निघताना मी वहीवाल्याला प्रेस्टनची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली, पण ओळ काही परत लिहिली नाही. त्याला दोष देत नाही. त्याला भीती लोकांची आहे, म्हणजे तुमची-माझी. तेव्हा अकोलेकरांनो, सव्वीस जानेवारीला मैदानावर जाल तेव्हा मदतपेटीत काय टाकायचं ते टाका, पण आधी त्या पोराकडून वही मागून घ्या. खर्चाच्या बाजूला बूट, अकरा जोड, आणि मुलींसाठी आडोसा, असं आपल्या हाताने लिहा आणि खाली सही करा.