सहा महिन्यांची मुदत आणि श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल

मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये झालेल्या दंगलींची चौकशी करण्यासाठी सुधाकरराव नाईक यांच्या सरकारने 25 जानेवारी 1993 रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. चौकशी आयोग अधिनियम, 1952 नुसार नेमलेल्या आयोगाचा अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्यावरील कृती अहवालासह, विधिमंडळात मांडणे सरकारला बंधनकारक आहे. अहवालातील निष्कर्ष स्वीकारण्याचे मात्र बंधन नाही. मुदत पाळली नाही तर काय, याचेही उत्तर कायद्यात नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाभोवती जी नाराजी साचत गेली, तिचे मूळ या तरतुदीत आहे.

मार्च 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. ज्या शिवसेनेच्या भूमिकेची चौकशी आयोगापुढे चालू होती, तीच आता सरकार चालवत होती. 23 जानेवारी 1996 रोजी, चौकशी लांबते आहे असे कारण देऊन, मनोहर जोशी सरकारने आयोग गुंडाळला. त्यावर देशभर टीका झाली. तेरा दिवसांचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सूचनेनंतर 28 मे 1996 रोजी आयोग पुन्हा नेमला गेला. पण कार्यकक्षेत 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांची भर घालून.

16 फेब्रुवारी 1998 रोजी अहवाल सरकारच्या हाती आला. उन्हाळा सरला, पावसाळी अधिवेशन सुरू झाले, तरी तो गुलदस्त्यातच होता. विरोधी पक्ष, वृत्तपत्रे आणि दंगलग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संघटना तो खुला करण्याची मागणी करत होत्या. अखेर 6 ऑगस्ट रोजी, मुदत संपायला दहा दिवस उरले असताना, तो सभागृहाच्या पटलावर आला. कायद्याच्या चौकटीत उशीर झाला नव्हता. पण सोबतच्या कृती अहवालात सरकारने आयोगाचे मुख्य निष्कर्ष फेटाळले होते, आणि मुख्यमंत्र्यांनी अहवाल हिंदूविरोधी असल्याचे सांगितले. लोकांच्या हाती कागद पडला तो असा, सरकारच्या नकारासकट.

अहवालात 900 मृत्यूंची नोंद होती: 575 मुस्लिम, 275 हिंदू, 45 अनोळखी आणि 5 इतर. त्यांपैकी 356 जण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले होते. आयोगाने 31 पोलिसांवर ठपका ठेवला. 9 जानेवारी 1993 रोजी पोलिसांनी सुलेमान उस्मान बेकरीवर केलेल्या कारवाईत निःशस्त्र माणसे मारली गेली. गच्चीवरून आपल्यावर गोळीबार झाला, हे पोलिसांचे म्हणणे आयोगाला पटले नाही.

1999 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार आले ते अहवालाच्या अंमलबजावणीचे आश्वासन देऊन. त्याने विशेष कृती दल नेमले आणि बेकरी प्रकरणात 2001 मध्ये गुन्हा नोंदवला गेला. तत्कालीन सहपोलीस आयुक्तांसह काही आरोपींना सत्र न्यायालयाने 2003 मध्ये आरोपमुक्त केले, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रक्षोभक भाषणाच्या खटल्यात शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना 2008 मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. वजनदार व्यक्तींपैकी शिक्षा झालेले असे नाव विरळाच.

पुढच्या काळातही अहवाल दडवण्याची सवय सुटली नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर राम प्रधान समिती नेमली गेली, पण ती चौकशी आयोग अधिनियमाखाली नव्हती, त्यामुळे सहा महिन्यांची अट तिला लागू नव्हती. एप्रिल 2009 मध्ये मिळालेला तिचा अहवाल सुरक्षेचे कारण पुढे करून रोखला गेला आणि बाहेर फुटल्यावरच डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात मांडावा लागला. मुंबईतील आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या गैरव्यवहारप्रकरणी न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाने अंतिम अहवाल एप्रिल 2013 मध्ये दिला. ऑक्टोबरमध्ये मुदत उलटली, तरी तो 20 डिसेंबरला, म्हणजे हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आला, आणि मंत्रिमंडळाने तो फेटाळल्याचेही त्याच दिवशी कळले. सत्ताधारी काँग्रेसचे तेव्हाचे उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी जाहीर नापसंती दर्शवल्यावर 2 जानेवारी 2014 रोजी सरकारने तो अंशतः स्वीकारला. माहितीच्या अधिकाराचाही अशा वेळी फारसा उपयोग होत नाही. विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती नाकारण्याची मुभा 2005 च्या कायद्यातच आहे.

श्रीकृष्ण अहवालाच्या अंमलबजावणीसाठी 2001 मध्ये केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2022 रोजी निकाली काढली. नागरिकांचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले, असे न्यायालयाने नमूद केले. दंगलींत बेपत्ता झालेल्या 168 जणांपैकी 60 जणांच्याच कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या 108 कुटुंबांचा शोध घेऊन त्यांना दोन लाख रुपये 9 टक्के व्याजासह द्यावेत आणि त्यावर देखरेखीसाठी समिती नेमावी, असा आदेश झाला. आरोपी सापडत नाहीत म्हणून निद्रिस्त पडलेल्या 97 खटल्यांचा तपशील उच्च न्यायालयाला देण्यासाठी राज्याला एक महिन्याची मुदत मिळाली.