हायाबुसाचा परतीचा नेम

डिसेंबर २००५ मध्ये जपानच्या हायाबुसा यानाशी संपर्क तुटला. इटोकावा या जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावर ते नुकतंच दोनदा टेकून आलं होतं. तोल सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन आधीच बंद पडली होती. दुसऱ्या खेपेनंतर रासायनिक इंधनही गळून गेलं आणि यान भरकटलं.

जानेवारीत क्षीण संकेत सापडला, पण त्यात माहिती काहीच नव्हती. मग नियंत्रकांनी फक्त हो-नाहीचे प्रश्न पाठवायला सुरुवात केली. यानाने आपला संकेत चालू किंवा बंद करून उत्तर द्यायचं. अशा एकेका उत्तरातून त्यांनी यानाची प्रकृती जाणून घेतली.

आता भिस्त आयन इंजिनांवर. झेनॉन वायूचे विद्युतभारित कण वेगाने मागे फेकणाऱ्या अशा एका इंजिनाचा रेटा तळहातावरच्या एक ग्रॅम वजनाहूनही कमी. पण तो महिनोन्‌महिने देता येतो. यानाचं तोंड वळवायला तोच झेनॉन थंड स्थितीत सोडला गेला. पुढे तोही वाचवायचा म्हणून चक्क सूर्यप्रकाशाच्या दाबाने तोल सांभाळला.

नोव्हेंबर २००९ मध्ये आणखी एक इंजिन थांबलं. त्यावर काढलेला तोडगा मला या मोहिमेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. 'ए' इंजिनाचा न्यूट्रलायझर, म्हणजे बाहेर फेकलेल्या कणांचा विद्युतभार समतोल करणारा भाग, धड होता आणि 'बी'चा आयन निर्माण करणारा भाग. हितोशी कुनिनाका यांच्या चमूने बांधणीच्या वेळीच दोघांना जोडू शकणारा एक छोटा डायोड बसवून ठेवला होता. दोन अर्धवट इंजिनांचं एक इंजिन झालं!

शेवटचा नेम टप्प्याटप्प्याने धरला. आधी पृथ्वीची कड आणि जून २०१० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातलं वूमेराचं निर्जन माळरान. रेटा इतका अल्प की एकेका दुरुस्तीसाठी इंजिन तासन्‌तास चालवावं लागे.

१३ जूनला, वातावरणात शिरण्याच्या सुमारे तीन तास आधी, लघुग्रहाच्या नमुन्यांची चाळीस सेंटिमीटर रुंदीची कुपी सुटी झाली. सेकंदाला बारा किलोमीटर वेगाने ती आत शिरली आणि पॅराशूटने वूमेरात उतरली. बाजूला व्हायला रासायनिक इंजिनं उरली नसल्याने यान मात्र तिच्यामागोमाग वातावरणात जळून गेलं.

कुपीत इटोकावाचे सुमारे दीड हजार कण निघाले, बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक. पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या, कॉन्ड्राइट जातीच्या अशनींचं मूळ अशाच लघुग्रहांत आहे, हे त्यांनी सिद्ध केलं.