ओल्या ट्रॅकवर पकड कुठे जाते? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फॉर्म्युला वनची रेस टीव्हीवर रंगात आलेली असताना ट्रॅकवर ढग दाटले, की सोफ्यावरचे तज्ज्ञ जागे होतात. 'आता सगळा नशिबाचा खेळ', 'खाचांचे टायर लावले की झालं', 'हवा थोडी कमी करायला पाहिजे'. यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे अर्धंमुर्धं खरं असतं, म्हणूनच ते टिकून राहतं. पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या, कोइंबतूरजवळच्या कारीच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींना ही अर्धसत्यं महागात पडू शकतात. पाऊस ट्रॅकवरची पकड सरसकट पुसून टाकत नाही. तो तिची जागा हलवतो, आणि ती दर काही मिनिटांनी पुन्हा हलते. बहुतेक गैरसमज ही हालचाल न कळल्यामुळेच होतात.

गैरसमज १ : ट्रॅक ओला झाला की सगळीकडे सारखाच घसरडा. रोजचीच रेषा धरावी, फक्त वेग कमी ठेवावा.

वस्तुस्थिती : कोरड्या दिवशी सगळ्यात जास्त पकड देणारी रेसिंग लाइन ओल्या दिवशी बहुधा सगळ्यात दगाबाज ठरते. शेकडो गाड्या त्याच पट्ट्यावरून गेल्यामुळे तिथल्या डांबरातली खडी घासून गुळगुळीत झालेली असते आणि टायरचं झिजलेलं रबर तिच्या बारीक भेगांत भरलेलं असतं. कोरड्यात हेच रबर टायरला धरून ठेवतं. पाणी पडलं की त्या पट्ट्यावर पाय ठेवणं म्हणजे साबणाचं पाणी सांडलेल्या शहाबादी फरशीवरून चालणं. त्याच्या एक-दोन मीटर बाजूला डांबर अजून खरखरीत असतं. खडीची टोकं पाण्याच्या पातळ थरातून वर येतात आणि टायरला तिथे आधार मिळतो.

एखादं उजवं वळण डोळ्यांसमोर आणा. कोरड्यात गाडी डाव्या कडेला असते, उशिरा ब्रेक लागतो, मग आतल्या कर्बला चाटून गाडी पुन्हा डाव्या कडेला बाहेर पडते. पावसात जाणता चालक रबराचा पट्टा सोडून एक गाडीभर बाजूला ब्रेक लावतो. ब्रेक लवकर आणि हलका असतो, आणि गाडी सरळ असतानाच बहुतेक वेग उतरवलेला असतो. आतल्या कर्बकडे तो झेपावत नाही, कारण कर्बचा रंग आणि ट्रॅकच्या पांढऱ्या रेषा ओल्या झाल्या की तिथे पकड जवळपास नसते. तो बाहेरच्या बाजूने रुंद वळसा घेतो. रबराचा पट्टा ओलांडावाच लागला, तर स्टिअरिंग शक्य तितकं सरळ ठेवून आडवा ओलांडतो. वळण संपता संपता स्टिअरिंग सुटायला लागलं की मगच ॲक्सिलरेटरवर वजन टाकतो, तेही बहुधा एक गिअर वरचा ठेवून, म्हणजे चाकांवर ताकद धसक्याने येत नाही.

२०१६ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये इंटरलागोसच्या पावसात मॅक्स व्हर्स्टापेनने हेच करून दाखवलं. टायर बदलून बराच मागे पडलेला हा पोरगा बाकीचे ज्या वाटेने जात होते ती सोडून भलत्याच रुंद वाटा धरून एकेकाला मागे टाकत गेला आणि तिसरा आला. दैवी देणगी वगैरे होतीच. पण त्याआधी पकड कुठे आहे ते त्याने शोधून काढलं होतं.

मात्र 'पावसात नेहमी बाहेरून' हाही नियम नव्हे. बाहेरच्या बाजूला उतार असेल तर पाणी तिथेच साचतं. शिवाय पाऊस थांबला की गाड्यांच्या येण्याजाण्याने नेहमीचाच पट्टा आधी वाळतो. तेव्हा ज्याने बाहेरची वाट सोडली नाही, तो फसला.

गैरसमज २ : भुरभुर पावसात घाबरण्यासारखं काही नाही. धोका मुसळधार पावसाचा.

वस्तुस्थिती : बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या ट्रॅकवर पहिली दहा-पंधरा मिनिटांची भुरभुर फार फसवी असते. धूळ, तेलाचे थेंब आणि रबराची पूड पाण्यात मिसळून बुळबुळीत लेप तयार होतो. जोराची सर आली की तो बराचसा धुऊन जातो. शिवाय भुरभुर पावसात एका वळणावर ट्रॅक ओला आणि पुढच्या वळणावर कोरडा असतो. चालकाचा अंदाज चुकतो तो अशा वेळी. मुसळधार पावसात धोका वेगळा असतो, तो म्हणजे साचलेल्या पाण्याचा. त्याकडे पुढे येऊ.

गैरसमज ३ : खाचा असलेला टायर म्हणजे जास्त पकड.

वस्तुस्थिती : पकड रबर देतं, खाच नव्हे. खाचांचं काम एकच : रबर आणि डांबर यांच्यामधलं पाणी बाहेर फेकणं. पाणी नसेल तर खाच म्हणजे वाया गेलेलं रबर. म्हणूनच कोरड्यात रेसिंग गाड्या पूर्ण गुळगुळीत 'स्लिक' टायरवर धावतात.

फॉर्म्युला वनमध्ये पावसासाठी पिरेलीचे दोन टायर असतात. हिरव्या पट्टीचा इंटरमीडिएट आणि निळ्या पट्टीचा फुल वेट. पिरेलीच्या सांगण्यानुसार ताशी ३०० किलोमीटर वेगाला एक इंटरमीडिएट टायर सेकंदाला ३० लिटर पाणी बाजूला सारतो, तर फुल वेट ८५ लिटर. चार चाकांचा हिशोब धरला तर सेकंदाला ३४० लिटर. फुल वेटचा व्यास स्लिकपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे गाडी जमिनीपासून जरा उचलली जाते आणि तिचं पोट पाण्यावर टेकत नाही.

या टायरचं रबर मऊ असतं, थंड ओल्या ट्रॅकवरही लवकर काम करणारं. पाणी त्याला सतत थंड ठेवतं. ट्रॅक वाळला की ते तापतं आणि भराभर झिजतं. म्हणून वाळत्या ट्रॅकवर चालक सरळ पट्ट्यात मुद्दाम ओल्या भागातून गाडी नेताना दिसतात. ही स्टंटबाजी नव्हे. टायर थंड करायची धडपड असते.

लुईस हॅमिल्टनच्या कारकिर्दीत या एकाच मुद्द्याच्या दोन टोकाच्या कहाण्या आहेत. २००७ साली शांघायला वाळत्या ट्रॅकवर त्याला इंटरमीडिएट टायरवर फार वेळ बाहेर ठेवलं गेलं. टायर आतल्या कापडापर्यंत झिजला आणि पिटमध्ये शिरतानाच गाडी घसरून खडीत रुतली. त्या वर्षी त्याचं जगज्जेतेपद एका गुणाने हुकलं. २०२० साली इस्तंबूलला मात्र त्याने इंटरमीडिएटचा एकच संच सुमारे ५० लॅप चालवला. खाचा झिजून टायर जवळजवळ स्लिक झाला आणि दमट ट्रॅकवर नेमका तोच उपयोगी पडला. ती रेस जिंकून त्याने सातवं जगज्जेतेपद पक्कं केलं. फरक ट्रॅकचा होता. शांघायला कोरडा पट्टा तयार झाला होता. इस्तंबूलला नुकतंच नवं डांबर टाकलेलं, थंड आणि निसरडं, पूर्ण वाळायलाच तयार नव्हतं.

गैरसमज ४ : टायरमधली हवा कमी केली की पावसात पकड वाढते.

वस्तुस्थिती : वाळूत किंवा चिखलात हे चालतं, म्हणून ते डोक्यात बसलं आहे. साचलेल्या पाण्यात उलट होतं. टायर पाण्याला बाजूला ढकलू शकला नाही, तर पाणी त्याच्याखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर डांबर सोडून पाण्यावर तरंगतो. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. नासाच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून याचं एक सोपं सूत्र मांडलं : तरंगण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३२ पीएसआय दाबाचा टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो, तर २५ पीएसआयचा ८३ किलोमीटरलाच. मोटारींच्या टायरचे आकडे खाचा, रुंदी आणि पाण्याची खोली यांनुसार बदलतात, पण दिशा बदलत नाही. हवा कमी, तरंगणं लवकर. रुंद टायर हाही इथे मदतीला येत नाही. त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

शिवाय कोरड्या ट्रॅकवर टायर तापतो आणि दाब आपोआप चढतो. पावसात तो तितका तापत नाही. म्हणून ट्रॅकवर जाणारे अनुभवी लोक ओल्या दिवशी थंड टायरमधला सुरुवातीचा दाब कोरड्या दिवसापेक्षा थोडा जास्तच ठेवतात.

२००७ च्या युरोपियन ग्रां प्रीत न्युरबर्गरिंगच्या पहिल्या वळणावर अक्षरशः ओढा वाहू लागला आणि एकामागून एक अर्धा डझन गाड्या त्याच जागी तरंगत बाहेर गेल्या. त्यांत बटन होता, रॉसबर्ग होता, हॅमिल्टनही होता. जगातले सर्वोत्तम चालक, पण टायर डांबराला टेकतच नसेल तर स्टिअरिंग फिरवून काय होणार? याउलट आपली एकमेव फॉर्म्युला वन रेस धावणारा मार्कुस विंकेलहॉक पिटमधून फुल वेट टायरवर निघाला आणि स्पायकरसारख्या तळाच्या गाडीत काही लॅप चक्क आघाडीवर राहिला.

गाडी तरंगते आहे असं वाटलं, म्हणजे स्टिअरिंग अचानक हलकं झालं आणि इंजिनाचा आवाज चढला, तर करायचं ते थोडकंच. ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा. वळवलेल्या चाकांना अचानक पकड परत मिळाली की गाडी भिरभिरते.

गैरसमज ५ : फोर-व्हील ड्राइव्ह, एबीएस आणि ईएससी असलेल्या गाडीला पावसाची फिकीर नाही.

वस्तुस्थिती : फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पळायला मदत करते, थांबायला आणि वळायला तिचा फारसा उपयोग नाही. उलट वळणातून सुसाट निघता आलं, म्हणून पुढच्या वळणावर जास्त वेगाने पोचण्याची खोड लागते. एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही आणि ईएससी गाडी फिरू देत नाही, पण टायरजवळ नसलेली पकड दोघांपैकी कोणीच निर्माण करू शकत नाही. तरीही हौशी चालकाने ओल्या ट्रॅकवर ईएससी बंद करण्यात शौर्य नाही. व्यावसायिक जीटी-३ गाड्यांतसुद्धा एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असतं.

गैरसमज ६ : रेस थांबवतात ती गाड्या घसरतात म्हणून.

वस्तुस्थिती : घसरणं चालकाच्या हातात बऱ्याच अंशी असतं. न दिसणं मात्र हाताबाहेरचं. चारही टायरांनी मिळून सेकंदाला शेकडो लिटर पाणी उडवलं की ते मागच्याच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या भिंतीसारखं उभं राहतं. टायर जितकं चांगलं पाणी काढेल, तितका मागचा आंधळा होतो. म्हणूनच प्रत्येक गाडीच्या शेपटीला लाल दिवा असतो, आणि म्हणूनच फुल वेट टायरची खरी गरज पडते तोवर बहुधा सेफ्टी कार किंवा लाल झेंडा आलेला असतो.

१९९८ साली स्पाला आघाडीवरचा मायकेल शूमाकर फवाऱ्यात न दिसलेल्या डेव्हिड कुल्टहार्डच्या गाडीवर मागून आदळला. २०२१ साली त्याच स्पाला गाड्या फक्त सेफ्टी कारमागे फिरल्या, एकही लॅप खऱ्या अर्थाने शर्यतीची झाली नाही आणि अर्धे गुण वाटून सगळे घरी गेले. २०२३ साली सिल्व्हरस्टोनला चाकांवर आवरणं लावून फवारा कमी होतो का, याची चाचणी झाली. तोडगा हाती लागला नाही, कारण बरंचसं पाणी चाकांबरोबर गाडीच्या पोटाखालच्या हवेच्या झोतानेही उडतं.

आणि ओल्या ट्रॅकवर एका चालकाची चूक एकट्याची राहत नाही. २०१४ साली सुझुकाला एक गाडी घसरली. ती उचलायला आलेल्या क्रेनगाडीवर पुढच्याच लॅपला, त्याच वळणावर घसरलेला ज्यूल्स बियांकी आदळला. पुढच्या वर्षी जुलैत तो गेला. सगळ्यांना एकाच वेळी वेग उतरवायला लावणारी 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' त्यानंतर २०१५ मध्ये आली.

गैरसमज ७ : पावसात नशीब जिंकतं.

वस्तुस्थिती : पाऊस गाड्यांमधला फरक कमी करतो, चालकांमधला वाढवतो. २००८ साली सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टन ६८ सेकंदांनी जिंकला. तीच मॅकलॅरन घेऊन पहिल्या जागेवरून सुटलेला त्याचा सहकारी हेइक्की कोव्हालाइनन पाचवा आला. १९८५ साली एश्तोरिलच्या पावसात आयर्टन सेना मिनिटाहून अधिक फरकाने पहिली रेस जिंकला. १९९३ साली डॉनिंग्टनला पहिल्याच लॅपमध्ये पाचव्यावरून पहिला झाला. टायर बदलण्याची वेळ साधण्यात नशिबाचा वाटा असतो, नाही असं नाही. पण पावसात तीच ती नावं वर्षानुवर्षं पुढे येतात, त्याला नशीब म्हणणं अवघड आहे.

मग आपण काय करायचं?

ट्रॅकवर जाणार असाल, तर पहिल्या दोन लॅप वेगासाठी नव्हे, चाचपणीसाठी ठेवा. पाणी कुठून कुठे वाहतंय, ब्रेक कुठे धरतो, रबराच्या पट्ट्याबाहेर गाडी किती शांत वाटते, हे मोकळ्या जागी आजमावा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. वाटा दर लॅपला पुन्हा तपासा.

यातली रुंद वळशाची कला मात्र सर्किटच्या फाटकातच सोडून यायची. घाटात समोरून एसटी येत असताना पकड शोधायला लेन सोडणं हा रेसिंगचा भाग नाही. रस्त्यावर नेण्यासारखं बाकी बरंच आहे : सरळ रेषेत लवकर लागलेला ब्रेक, हलका पाय, योग्य दाब. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची परवानगी आहे आणि वरच्या सूत्राने नेहमीच्या दाबाचा टायर साचलेल्या पाण्यात ९४ लाच तरंगू शकतो. खाचा १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत घासल्या असतील, तर त्याच्याही आधी सावध व्हायला हवं. पाटीवरचा आकडा कोरड्या रस्त्याचा आहे, असं समजून पावसाळ्यात गाडी चालवावी.