हार्ड डिस्कचे आजारपण : लक्षणे, निदान आणि उपचार

स्मरणिकेच्या पानांत मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी यांचा परामर्श नेहमीच घेतला जातो. या लेखात मी एका वेगळ्या रुग्णाविषयी लिहिणार आहे. हा रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात टेबलाखाली धूळ खात बसलेला असतो. तो कधी तक्रार करीत नाही. मात्र जातो तेव्हा आपल्या शेकडो रुग्णांचे पूर्ववृत्त सोबत घेऊन जातो. संगणकाची हार्ड डिस्क हा तो रुग्ण होय. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु या विषयात आपली निदानशास्त्राची दृष्टी फार उपयोगी पडते, आणि एका ठिकाणी तीच दृष्टी आपल्याला फसवते, असे माझ्या लक्षात आले आहे.

प्रथम यात पणाला काय लागते ते पाहू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी आल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन आपल्यावर घातले आहे. नोंदींचे संगणकीकरण करण्याचा प्रयत्न करावा, असेही तीत सांगितले आहे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदी दोन वर्षे राखाव्या लागतात. ‘डिस्क बिघडली’ हे कारण कायद्यापुढे टिकेल, अशी आशा कोणी बाळगू नये. पण कायद्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. दहा वर्षांपूर्वीचा ईसीजी किंवा नेत्रपटलाचे जुने छायाचित्र एकदा गेले की ते पुन्हा काढता येत नाही. रुग्ण समोर असतो, परंतु त्याचा भूतकाळ हरवलेला असतो.

आता थोडी शरीररचना. डिस्कच्या बंद पेटीत अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या, चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. टेबलावरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. लिहिणारे-वाचणारे हेड तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते आणि मधले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. आपल्या तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७,००० नॅनोमीटर आहे, हे ध्यानात घेतले की धुळीचा एक सूक्ष्म कणही त्या हेडला डोंगराएवढा का वाटत असेल ते उमगते. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन टनाच्या आसपास होते आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज छातीच्या एका डिजिटल एक्स-रेलाही तेवढी जागा अपुरी पडते. एवढी माहिती तळहाताएवढ्या पेटीत कोंबल्यावर काहीतरी नाजूक होणारच.

लक्षणांकडे वळू. सर्वांत आधी येणारे आणि सर्वांत दुर्लक्षित लक्षण म्हणजे मंदपणा. एखादी विशिष्ट फाइल उघडताना संगणक अर्धा मिनिट थिजतो, मग काही घडलेच नाही असा पुढे चालू लागतो. आपण त्याचा दोष विंडोजला देतो, नव्या प्रणालीला देतो, हैदराबादच्या उन्हाळ्यालाही देतो. प्रत्यक्षात डिस्क एखादा खराब झालेला सेक्टर पुन्हापुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत असते. दुसरे लक्षण ऐकू येणारे आहे : ठरावीक अंतराने होणारा ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज. हेडला आपली जागा सापडत नाही, ते मूळ ठिकाणी परत येऊन पुन्हा शोधू लागते, त्याचा हा ध्वनी असतो. डिस्कच्या पेटीवर स्टेथोस्कोप टेकवून ऐकण्यात मला संकोच वाटत नाही. गुणगुण आणि टकटक यांतला फरक त्यातून छान कळतो. घासल्यासारखा आवाज आला, तर मात्र श्रवण लगेच थांबवून वीज बंद करावी, कारण त्या वेळी हेड तबकडीवरचा लेप खरवडत असण्याचा संभव असतो.

व्यवच्छेदक निदानही करावे लागते. सर्व मंदपणा डिस्कचाच नसतो. सैल केबल, थकलेला वीजपुरवठा आणि विषाणुबाधा यांतूनही तशीच चित्रे उभी राहतात. येथे डिस्क स्वतःच आपला तक्ता ठेवते, ही मोठी सोय आहे. ‘स्मार्ट’ नावाची ही स्वपरीक्षणाची पद्धत १९९० च्या दशकापासून डिस्कमध्ये येऊ लागली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या मोफत प्रोग्रॅमने हा तक्ता कोणालाही वाचता येतो. त्यात डझनावारी ओळी असतात. त्यांतल्या मोजक्याच आपल्या कामाच्या आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलविलेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. क्रमांक १९८ म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेले सेक्टर. या ओळींतले मूळ आकडे शून्य असावेत. ते शून्य नसतील, आणि विशेषतः आठवड्यागणिक वाढत असतील, तर रोग पुढे सरकत आहे. क्रमांक १९९ एकटाच वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो आणि थोडक्या पैशांत बरा होतो. तक्त्याच्या माथ्यावरचा ‘प्रकृती उत्तम’ हा शेरा मात्र मनावर घेऊ नये. तो निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेवरून दिला जातो आणि अखेरच्या श्वासापर्यंत उत्तमच राहू शकतो.

ही चाचणी कितपत विश्वसनीय? आपल्या व्यवसायातल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, तशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख निर्देशकांपैकी एकाचीही नोंद नव्हती. बॅकब्लेझ या अमेरिकन साठवण-कंपनीने २०१६ साली पाच निर्देशकांचा हिशेब मांडला : निकामी झालेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्क्यांत एक तरी निर्देशक शून्याच्या वर होता, चालू डिस्कपैकी ४.२ टक्क्यांत तो तसा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर संवेदनशीलता सुमारे ७७ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९६ टक्के. वर्षाला शेकडा दीड डिस्क निकामी होतात असे धरून मी ढोबळ गणित केले. हजार डिस्कमध्ये त्रेपन्न-एक ‘पॉझिटिव्ह’ येतील आणि त्यांतल्या बारा-एक खरोखर जातील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या पाचांपैकी जेमतेम एक. शिवाय न कळवता जाणाऱ्या तीन-चार राहतातच.

येथेच आपली वैद्यकीय सवय फसवी ठरते. निदान पक्के झाल्याशिवाय उपचार करू नये, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते, आणि ते योग्यही आहे. कारण खोट्या पॉझिटिव्हमागे बायोप्सी, शस्त्रक्रिया आणि रुग्णाची झोप उडणे हे सगळे येते. डिस्कच्या बाबतीत चुकीच्या संशयाची किंमत एका नव्या डिस्कपुरती आहे. म्हणून येथे क्रम उलटा : आधी प्रत काढायची, मग निदान करीत बसायचे. आजारी डिस्कची प्रत्येक तपासणी म्हणजे तिला धावायला लावणे आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आपण निदानासाठी ट्रेडमिलवर चढवीत नाही.

आमच्या परिसरातील एका नेत्रतज्ज्ञ मित्राच्या बाबतीत हेच घडले. मधुमेही रुग्णांच्या नेत्रपटलांची अकरा वर्षांची छायाचित्रे एकाच डिस्कवर होती. डिस्क मंद झाली. बोलावलेला तंत्रज्ञ म्हणाला, “रातभर चेक डिस्क चलने दो साब, सुबह तक सब ठीक हो जाता.” चेक डिस्क ही विंडोजची सुविधा फाइलींची मांडणी सुधारण्यासाठी उत्तम आहे, पण यंत्र निरोगी असेल तरच. ती सबंध तबकडी खरवडल्यागत वाचते आणि सुधारणा म्हणून त्याच डिस्कवर लिहितेही. सकाळी डिस्क ओळखही देईना. पुढे माहिती परत मिळविणाऱ्या एका प्रयोगशाळेने काही भाग वाचविला. पण त्यात सलग मालिका फार थोड्या होत्या. एका वृद्ध शिक्षिकेच्या डाव्या डोळ्यातला रक्तस्राव नवा की जुनाच, याचे उत्तर त्या हरवलेल्या छायाचित्रांत होते. मित्राने तिला तीन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांनी बोलावले आणि त्या दिवशीच्या छायाचित्रावर ‘प्रथम नोंद’ असे लिहिले. ती बाई त्याच्याकडे आठ वर्षे येत होती.

तर उपचार असा. संशय येताच संगणक नीट बंद करावा. पुन्हापुन्हा चालू करून ‘आता चालते का’ हे पाहू नये. तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची नवी डिस्क आणावी. तारनाक्याहून सिकंदराबादच्या पार्क लेनवरचे चिनॉय ट्रेड सेंटर जवळ आहे; डिस्क, केबल आणि बाहेरून जोडायची पेटी तेथे एका फेरीत मिळते. डिस्क अजून शुद्धीवर असेल, तर सर्वांत मौल्यवान फोल्डर प्रथम उतरवून घ्यावेत. गाणी आणि सहलीचे व्हिडिओ मागाहून. बरेच सेक्टर गेले असतील, तर जाणत्या माणसाकडून डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्यावी. तो निरोगी भाग आधी वाचतो, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. दुर्घटनास्थळी जखमींची वर्गवारी आपण अशीच करतो. पुढची सारी दुरुस्ती त्या प्रतीवर करावी, मूळ डिस्कवर नव्हे. फाइली परत आणणारा प्रोग्रॅम मूळ डिस्कवरच बसविणे हा तर कहर आहे, कारण हरवलेल्या फाइलींच्या जागेवरच तो स्वतःला लिहून घेतो.

टकटक किंवा घासण्याचा आवाज असेल, तर यांतले काहीच करू नये. वीज काढावी आणि स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे डिस्क सोपवावी. आपल्या शेजारच्या सी.सी.एम.बी.त पेशीसंवर्धन करणाऱ्यांना लॅमिनार फ्लोचे महत्त्व सांगावे लागत नाही. डिस्क उघडायलाही तशीच निर्धूळ हवा लागते, दुकानाच्या काउंटरवर ते काम होत नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा घरगुती उपाय अजून सांगितला जातो. बाहेर काढताच तबकडीवर दव धरते, तेव्हा तो करू नये. दुसऱ्या डिस्कचे सर्किट-कार्ड काढून बसविण्याची युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण त्या कार्डावर त्या-त्या डिस्कची खास जुळणी नोंदलेली असते. प्रयोगशाळेला देण्यापूर्वी तपासणीचे शुल्क आणि गोपनीयतेची हमी लेखी घ्यावी. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर तिची किल्ली जपून ठेवलेली असावी लागते. तिच्यावाचून वाचविलेली माहितीही निरुपयोगी.

नव्या संगणकांत हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. येते. तीत फिरणारे काही नाही, म्हणून आवाज नाही आणि बहुधा पूर्वसूचनाही नाही. ती एके सकाळी नुसती दिसेनाशी होते. पुसलेल्या फाइलीही तीतून सहसा परत येत नाहीत. वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्यासाठी ती योग्य नाही.

प्रतिबंधाविषयी थोडे. उन्हाळ्याची भीती आपण वाजवीपेक्षा अधिक बाळगतो. गूगलच्या त्या अभ्यासात मध्यम तापमानाचा निकामी होण्याशी ठळक संबंध दिसला नाही. तो अतितप्त आणि जुन्या डिस्कमध्येच जाणवला. त्यापेक्षा अचानक जाणारी वीज वाईट, म्हणून यूपीएस हवाच. पण खरे औषध प्रत हेच. माहितीच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या वास्तूत. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हबशीगुडा आणि रामंतापूर भागांत घराघरांत पाणी शिरले होते. तळमजल्यावरच्या संगणकाची प्रत त्याच खोलीतल्या खालच्या खणात असेल, तर ती प्रत नव्हे. कायम जोडलेली प्रतही पुरेशी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला आणि अनेक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. असा प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कही कुलूपबंद करतो, म्हणून काम झाले की ती तोडून ठेवावी. दवाखान्याच्या प्रोग्रॅममधील नोंदी नुसत्या फाइल उचलून घेऊ नयेत. त्या प्रोग्रॅमची स्वतःची बॅकअप सुविधा वापरावी, अन्यथा उघड्या नोंदवहीची अर्धवट प्रत निघते. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखाद्या जुन्या रुग्णाची नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

राहता राहिली मृत डिस्क. ती भंगारवाल्याला तशीच देणे म्हणजे केसपेपरांचा गठ्ठा रस्त्यावर ठेवणे होय. आपल्याला न वाचता आलेली माहिती दुसऱ्याला वाचता येऊ शकते. चालू असेल तर ती पूर्ण पुसून टाकावी. चालत नसेल तर ड्रिलने तबकड्यांतून आरपार तीन-चार भोके पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि त्यांचा चुरा उडतो, म्हणून त्या वेळी डोळ्यांवर चष्मा घालावा.