फुलाचा स्वभाव कोण ठरवतं? निशिगंध, ‘फ्राका’ आणि आईचा प्रश्न

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज परफ्युमवर बोलू. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतेय.

सुरुवात घरातूनच करते. दोनेक महिन्यांपूर्वी मी एक डिकान्ट मागवलं. डिकान्ट म्हणजे महागड्या मोठ्या बाटलीतलं परफ्युम छोट्या बाटलीत भरून मिळतं ते. पूर्ण बाटली परवडत नाही, तेव्हा आपल्यासारख्यांचा हाच मार्ग! परफ्युमचं नाव ‘फ्राका’. रिव्ह्यूंमध्ये सगळीकडे एकच वर्णन: बिनधास्त, ग्लॅमरस, खोलीत शिरली की सगळ्यांच्या माना वळतील अशी बाई. म्हटलं, नवीन टीममध्ये जॉइन होतेय, थोडी अशी बाई व्हायला काय हरकत आहे?

मनगटावर दोन स्प्रे मारले आणि बाहेर आले. आई म्हणाली, “अगं, घरात हाराचा वास कुठून येतोय?”

आमच्याकडे बाबांच्या फोटोला गुलछडीचा हार असतो. मी गप्पच झाले.

आता हे झालं कसं, ते बघू. ‘फ्राका’ 1948 साली पॅरिसमध्ये आलं. रोबेर पिगे या फॅशन डिझायनरसाठी ते जर्मेन सेलिए या बाईंनी बनवलं. त्या काळात परफ्युम बनवणारे बहुतेक पुरुषच होते, म्हणून हे नाव लक्षात ठेवा. ‘फ्राका’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ गोंगाट, धडामधूम. म्हणजे वास घ्यायच्या आधीच नावाने सांगून टाकलं की ही बाई शांत बसणारी नाही. आणि या गोंगाटाच्या मधोमध कोणतं फूल आहे? ट्युबरोज. आपला निशिगंध. फुलबाजारातली गुलछडी, हिंदीतली रजनीगंधा. सोबत मोगऱ्याच्या कुळातली जाई-चमेली, संत्र्याचा मोहर, खाली चंदन आणि मस्क. पण राणी निशिगंधच.

गंमत म्हणजे हे फूल ना फ्रान्सचं, ना आपलं. ते मूळचं मेक्सिकोचं. तोडल्यावरही त्याचा सुवास सुटत राहतो, आणि रात्री तर जास्तच. म्हणून पूर्वी फ्रान्समध्ये काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर ही फुलं पसरायचे. चरबी वास शोषून घ्यायची, मग जुनी फुलं काढून नवी ठेवायची. आज हे काम बहुतेक ठिकाणी सॉल्व्हंट वापरून होतं, आणि निशिगंधाचा अर्क काढण्यात भारतही पुढे आहे.

आता थोडी केमिस्ट्री, घाबरू नका. निशिगंधाच्या वासात मिथाइल सॅलिसिलेट असतं. पाठ दुखल्यावर चोळायच्या बामचा तो झणझणीत वास येतो ना, तेच. शिवाय इंडोल असतं. इंडोल जास्त झालं तर चक्क दुर्गंधी, पण अगदी किंचित असलं की फूल जिवंत वाटतं. म्हणूनच निशिगंध गुलाबासारखा ‘छान छान’ वाटत नाही. त्यात गोडवा आहे, लोण्यासारखा मऊपणा आहे, आणि काहीतरी अस्वस्थ करणारंही आहे.

युरोपने यातला अस्वस्थ करणारा भाग उचलला. तिथे या फुलाशी मोह आणि धोका जोडला गेला. आपल्याकडे मात्र तेच फूल वरमाळेत, गजऱ्यात, स्टेजवरच्या बुकेत आणि फोटोच्या हारात. 1974 चा बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ बघा. त्यात अमोल पालेकरचा संजय दीपासाठी हीच फुलं आणतो. संजय कसा? साधा, बडबड्या, विसरभोळा. पॅरिसमध्ये जे फूल माना वळवतं, ते इथे उशिरा येणाऱ्या पण मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाचं फूल!

मग परफ्युमची ‘पर्सनॅलिटी’ असते कुठे? बाटलीत फक्त रेणू असतात. मेंदूत वासाची वाट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते, म्हणून वास ओळखायच्या आधीच कधीकधी घशात आवंढा येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट एकच, पण प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. जाहिरात त्या डेटाबेसमध्ये एक तयार एंट्री टाकू बघते. आईच्या डेटाबेसमध्ये आधीच एंट्री होती, तिथे पॅरिसचं काही चाललं नाही.

म्हणून फ्लोरल परफ्युम घेताना तीन गोष्टी करा. एक, वर्णन नंतर वाचा, आधी वास घ्या आणि मनात जे येईल ते फोनवर लिहून ठेवा. दोन, कागदी पट्टीवर विश्वास ठेवू नका. त्वचेवर लावा, दोन-तीन तास थांबा, कारण वरचा वास उडाल्यावरच खरं फूल कळतं. तीन, आपल्या उकाड्यात निशिगंध फार पसरतो. लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये जायचं असेल तर एकच स्प्रे पुरे.

त्या रात्री मी आईला विचारलं, “तुला त्रास झाला का गं?” ती म्हणाली, “त्रास कसला! आमच्या लग्नातले हारसुद्धा गुलछडीचेच होते. तुझे बाबा दिवसभर शिंकत होते.” आणि हसली. हे मला माहीतच नव्हतं.

आता मी ‘फ्राका’ लावते तेव्हा माना वळतात की नाही, कल्पना नाही. मला मात्र शिंकणारा नवरदेव दिसतो.

तुमच्या घरात कोणत्या फुलाशी काय जोडलंय? आज आई-आजीला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, तोवर मजेत राहा!